एका हाताचा जोड

सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. मी सोडली नाही, कुणी काढलंही नाही. आठवीचा वर्ग घाटाखालच्या गावात होता, आणि महाबळेश्वराच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून पावसाळ्याचे चार महिने खाली उतरायची सोय नव्हती, एवढंच. घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते थोरल्या बहिणीकडं बघून कळलं होतं. तिला पंधरावं लागलं आणि तिचं लग्न उरकलं. म्हणून आईच्या चुलतबहिणीचा निरोप आला, "पोरीला माझ्याकडं धाडा, हाताला काम शिकवते," तेव्हा मीच आधी पिशवी भरली.

साताऱ्याला एक एसटी बदलली, कराडला दुसरी, आणि सांगलीच्या अलीकडं एका गावात वडिलांबरोबर उतरले. परत जाताना वडील मावशीला म्हणाले, "दिवाळीपतूर हात बसला तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर न्यायला येतो. एक स्थळ सांगून आलंय." ते मला ऐकू जावं अशाच आवाजात म्हणाले.

मावशी एकटी राहायची आणि चांदीच्या पैंजणांच्या साखळ्या विणायची. गावातल्या कितीतरी घरांत बायका हेच काम करत. ज्वारीच्या दाण्याहून लहान कड्या, प्रत्येकीला एका जागी चीर, आणि दोन हातांत दोन चिमटे. चांदी आधी हाताला लागू दिली नाही. तांब्याच्या तारेच्या कड्यांवर महिनाभर बसवलं. मी पहिलीच कडी दोन्हीकडून ओढून फाकवली तर तिनं माझ्या मनगटावर टिचकी मारली.

"फाकवायची न्हाई. दार उघडतो तसं एका अंगाला सारायचं. फाकली की तिची गोलाई मेली."

मग दोन कड्यांत दोन घालायच्या, मागच्या दोन उलट्या दुमडायच्या, त्यांच्या पोटातून पुढच्या दोन काढायच्या. सांगायला सोपं आहे. माझी बोटं घामेजायची, कडी निसटायची, आणि मग मी ती शोधत बसायची. चांदीचा कणही वाया जाऊ नये म्हणून उठायच्या आधी पदर नाहीतर परकर पांढऱ्या फडक्यावर झटकायचा, केस विंचरायचे, केर वेगळा ठेवायचा, ही त्या कामाची रीत. मी दिवसातून चार-चारदा केस विंचरायची. मिटलेली कडी उघडी राहिली की काय म्हणून पुन्हा दाबायची, पुन्हा बघायची, पुन्हा दाबायची.

"आगं, कडी हाय ती," मावशी म्हणायची, "कुलूप न्हवं."

तिची साखळी हातावर टाकली तर पाण्यासारखी बोटांतून ओघळायची. माझी ताठ उभी राहायची. तरी श्रावण संपताना तिनं माझ्या हातात चांदी दिली. मला वाटलं हात बसला. खरं कारण दुसरं होतं. ती दारात पोतं टाकून बसायची आणि उन्हाबरोबर पोतं सरकवायची. तांदूळ बोटांनी चाचपून निवडायची. एकदा चहात मीठ पडलं आणि दोघींनीही तो चहा तसाच संपवला.

घटस्थापनेच्या आसपास तिनं एक विणलेला पाय माझ्यापुढं ठेवला. पाय म्हणजे जोडातलं एक पैंजण. "दुसरा तू कर. डोळ्यात धूर बसल्यागत झालंय. माझ्यासारखा सैल कर, आन् कुठं बोलू नगंस."

मी घाबरले. जोड एकाच हाताचा लागतो हे तोवर मलाही माहीत होतं. दोन बायकांनी एकेक पाय केला तर एक लोंबतो, एक आखडतो. तरी केला. सैल करायचा म्हणून प्रत्येक कडीला मनात बजावत होते, आणि बोटं ऐकत नव्हती.

कड्यांची डबी वजन करून देणाऱ्या आणि विणलेला माल घेऊन जाणाऱ्या माणसाला सगळ्या बायका अण्णा म्हणत. त्यानं दोन्ही पाय मनगटावर टाकले आणि हसला.

"आक्का, नवराबायकूचं पटलं न्हाई तर चालतंय. जोडाचं पटाय पायजे. दोन हात लागल्यात ह्याला."

"माझंच हाय ते," मावशी म्हणाली. "दुसऱ्याच्या टायमाला ताप हुता."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी फडक्यावरच्या कड्या सारख्या करत बसले. त्यानं डबीतल्या पाच कड्या काढून मावशीपुढं ठेवल्या. "घाला बघू."

पहिली तिनं घातली. दुसरीची चीर तिला सापडेना. चिमटा कडीच्या शेजारून दोनदा रिकामा मिटला. अण्णाचं हसू गेलं.

"आक्का, डोळं दावा कुनाला तरी, आवं." मग जरा थांबून म्हणाला, "पोरीचा हात घट्ट हाय, पर सारखा हाय. डबी हिच्या नावानं देऊ का?"

"दे की," मावशी म्हणाली. "म्हंजी हिचा बा न्यायला यायचा न्हाई."

मला काय हवं होतं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिच्या पाया पडले, तर म्हणाली, "चिमटा पडंल, सांबाळ."

जाताना अण्णा उंबऱ्यात वळला. "जोड एका हाताचा करा तेवढा. पयला पाय उसवा."

अजून डाक लागला नव्हता, म्हणजे कड्यांची तोंडं सांधली नव्हती, त्यामुळं उसवता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीनं विणलेला पाय घेऊन बसले. साखळी ताणून धरायला कुणीतरी लागतं. मावशीनंच दुसरं टोक धरलं. मी एकेक कडी एका अंगाला सारून काढत गेले आणि तिच्या चिमटीतून साखळी कमी होत गेली. तिची कडी सहज उघडायची, जोर लागायचाच नाही. इतकं सोपं काम मी त्या घरात दुसरं केलं नाही.

बोटभर उरलं तेव्हा वाटलं, एवढं तिचं राहू द्यावं. पैंजण अडकवायच्या फाशाजवळचा भाग, कोण बघतंय. चिमटा थांबला. मग मनगटावर जोड टाकून बघणारा अण्णा आठवला, आणि दिवाळीला किती दिवस राहिलेत ते. तेही उसवलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"व्हय."

ती उठली. पदर फडक्यावर धरून दोनदा झटकला, आणि एखादी कडी राहिली असेल म्हणून खाली वाकून हातानं फडकं चाचपत राहिली.