वकीलबाई

कुठेही भांडण दिसलं की वकीलबाईंचा चेहरा उजळायचा. बसमध्ये खिडकीच्या जागेवरून दोन माणसं हमरीतुमरीवर आली की बाकीचे प्रवासी बाहेर बघू लागत. बाई मात्र पर्स मांडीवर नीट ठेवून सरसावून बसायच्या. "भिया, अपनी बात बाद में. पहले इनकी बात आप बोलिए." त्यावर तो भिया, म्हणजे आमच्या माळव्यातला भैया, असा काही गांगरायचा की दुसऱ्याला हसू फुटायचं आणि निम्मं भांडण तिथेच मिटायचं.

देवासच्या कॉलेजात त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या. त्यातही राज्याराज्यांमधले तह, वाटाघाटी, परराष्ट्रधोरण हा त्यांचा जीव की प्राण. जुन्या दरबारातून दुसऱ्या राज्यात पाठवलेल्या दूताला वकील म्हणत, हे त्या पहिल्याच तासाला इतक्या रंगून सांगायच्या की दुसऱ्या तासापर्यंत त्या आपोआप वकीलबाई झालेल्या असत. एकदा तर कुणाचे तरी काका प्लॉटच्या केसचे कागद घेऊन स्टाफरूमपर्यंत आले होते. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या शेजाऱ्याचं म्हणणं काय आहे ते सविस्तर विचारून घेतलं.

बाईंचं घराणं धारचं, पूर्वी संस्थानच्या नोकरीतलं. वर्गात त्या हिंदीत शिकवायच्या, पण माझ्याशी हट्टाने मराठी बोलायच्या आणि तेही जुन्या वळणाचं. माझे बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून देवासला आलेले. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, त्यामुळे मराठीची बोंबच. एकदा मी म्हणाले, "बाई, एक प्रश्न पूछू?" त्या म्हणाल्या, "पूछू काय? पुसू म्हणावं. पूस, बाळ." मी मुकाट्याने उठले आणि फळा पुसू लागले. बाईंना हसता हसता खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पुसणं म्हणजे विचारणंही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या तासाला आम्ही नुसते ऐकत बसायचो नाही. महिदपूरच्या लढाईनंतरच्या मंदसौरच्या तहाचा धडा आला तेव्हा त्यांनी निम्म्या वर्गाला होळकर केलं आणि निम्म्याला कंपनी सरकार. होळकरांच्या बाजूचा एक दांडगा मुलगा हिरमुसून म्हणाला, "मैडम, महिदपुर में हम हार तो गए. अब क्या बोलें?" बाई फुलल्या. "हारे हैं, तभी तो वकील चाहिए, भिया. जीतनेवाले का काम तोप से चल जाता है." नियम एकच होता. समोरच्याची बाजू अशी मांडायची की तो स्वतः म्हणाला पाहिजे, हो, हेच म्हणायचंय मला. त्याशिवाय आपलं तोंड उघडायचं नाही. तो तह पुरा व्हायला आठवडा लागला.

त्या आम्हाला गावातल्या मुख्य रस्त्यावरही नेत. एकेकाळी देवासमध्ये दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बाई म्हणायच्या, "ये देखो, सरहद!" मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत असायचे.

एम.ए.साठी मला दिल्लीला प्रवेश मिळाला, आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात. बाबा म्हणाले, नाही. कारण विचारलं तरी नाही. आमचं बोलणंच बंद झालं. शेवटी मी बाईंना गाठून म्हटलं, "तुम्ही बाबांना समजवा."

रविवारी त्या आमच्या घरी आल्या. बाबा छाती ताठ करून बसले होते. "भाऊसाहेब, मी काही मागायला आलेले नाही," बाई म्हणाल्या. "चहा तेवढा घेईन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता बाबांची बाजू तू सांग."

मी फणकाऱ्याने म्हणाले, "मी मुलगी आहे म्हणून नको म्हणतात."

बाबांनी मान हलवली. नाही.

"लोक काय म्हणतील, म्हणून."

"नाही."

मी पहिल्यांदाच बाबांकडे नीट पाहिलं. कपाचा कान त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. मी हळूच म्हटलं, "तुम्ही साताऱ्याहून आलात ते पुन्हा तिकडे राहायला गेलाच नाहीत. आजोबा वाट बघत राहिले. मीही परत येणार नाही, असं वाटतं तुम्हाला."

बाबांनी कप खाली ठेवला. मग बाबा म्हणाले, "हो. हेच."

"आता तुम्ही," बाई त्यांना म्हणाल्या.

बाबांनी घसा साफ केला. "हिला वाटतं, माझ्या वडिलांनी मला अडवलं नाही, मग मी हिला कसा अडवतो?"

हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं! पण याहून भक्कम मुद्दा मला सुचला नसता. मी घाईघाईने म्हणाले, "हो, हो, हेच!" बाबांच्या ते लक्षात आलं आणि ते मोठ्याने हसले. इतक्या दिवसांनी.

"चला, कलमं ठरवा," बाई म्हणाल्या. रोज फोन, दिवाळीला घरी, असं चाललं असताना आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि मला कुणी विचारणार आहे का?" बाईंनी चक्क उठून तिची माफी मागितली आणि तिला मधल्या खुर्चीवर आणून बसवलं.

मी आता दिल्लीत हाच विषय शिकवते. बाई निवृत्त होऊन धारला राहतात. फोनवर माझं मराठी सुधारतात, त्यांच्या गल्लीतल्या ताज्या भांडणाची हकीकत चवीने सांगतात. पण त्या डोळ्यांपुढे येतात त्या देवास स्टेशनवरच्या. मला सोडायला आईबाबांबरोबर त्याही आल्या होत्या. बाबा बॅग वर ठेवायला म्हणून डब्यात चढले, सीटखाली वाकून पाहिलं, पंखा चालतो का पाहिलं, आणि गाडी सुटली. "बाबा, उतरा!" मी ओरडले. ते शांतपणे माझ्याशेजारी बसले. "उज्जैनपर्यंत येतो," म्हणाले.

मी खिडकीतून पाहिलं. आई कपाळाला हात लावून उभी होती. आणि वकीलबाई तिचा दुसरा हात धरून, चष्मा काढून, पदराने डोळे पुसत प्लॅटफॉर्मभर ऐकू जाईल अशा हसत होत्या.