मृगाच्या बाणाखालचा डाग

ज्या फोटोसाठी मला बक्षीस मिळालं, तो निघत होता तेव्हा मी झोपलो होतो.

मी परंड्याच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचो. अंमल निजामाचा. शाळेत शिकवणं उर्दूत, घरी आणि बाजारात बोलणं मराठीत, आणि पोरं बेरजेत चुकली की माझ्या तोंडून दोन्ही भाषा एकदमच बाहेर पडायच्या. मोठी लढाई नुकतीच संपली होती. बार्शीच्या एका फोटोग्राफरनं दुकान बंद केलं, तेव्हा त्याचा जुना, भात्याचा, काचेच्या प्लेटीवर फोटो घेणारा कॅमेरा मी घेऊन आलो. माणसांचे फोटो काढायची मला हौस नव्हती. मला ताऱ्यांचे काढायचे होते. का, ते मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं. बायकोनं विचारलं, "अहो, तारे रोज तिथंच असतात की. त्यांचा फोटो कशाला?"

पहिले सहा महिने नुसती फजिती झाली. प्लेटी सोलापुरातून मागवाव्या लागत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता, तिथं बाहेरून येणारा माल तपासून जकात घेत. नाक्यावरच्या कारकुनानं पाकिटात काय आहे ते बघायला पहिला डबा भर उन्हात उघडला. प्लेटी सगळ्या काळ्या पडल्या. पुढच्या वेळी मी स्वतः गेलो आणि हात जोडून उभा राहिलो, तेव्हा तो डबा न उघडता सुटला. त्या प्लेटींवर तारे उमटले, पण ठिपक्यांसारखे नाहीत. प्रत्येक ताऱ्याची एक रेघ. आकाश फिरतं आणि कॅमेरा जागेवर राहतो, म्हणून असं होतं, हे मला गणितानं कळत होतं. कॅमेरा आकाशाबरोबर फिरवायचा कसा, ते कळत नव्हतं.

बाजारात एक घड्याळजी होते. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, एका डोळ्याला कायम भिंग लावलेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणायचो. माझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते घ्यायला गेलो आणि सहज माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी भिंग काढलं.

"म्हंजे आभाळाचं एक घड्याळ हाय, आन् तुमाला त्येच्या काट्यावर कॅमेरा बशिवायचा हाय. असंच ना?"

"असंच, चाचा."

"मग हे काम माझं हाय. तुमचं न्हाय, मास्तर."

पंधरा दिवसांत त्यांनी दोन सागवानी फळ्या एका बाजूनं बिजागरीनं जोडल्या. दुसऱ्या बाजूला एक लांब बारीक आट्यांचा स्क्रू. स्क्रू फिरवला की वरची फळी केसाकेसानं उचलली जायची. स्क्रूच्या मुठीला पितळी चकती, तिच्यावर बारा खुणा. दर पाच सेकंदांनी एक खूण पुढं सरकवायची. बिजागरी ध्रुवाकडं तोंड करून ठेवायची, आणि वरच्या फळीवर कॅमेरा. किती आट्यांना किती अंतर, हा हिशेब मी मांडून दिला. पण मी दिलेला आकडा त्यांनी दोनदा परत पाठवला, आणि दोन्ही वेळा चूक माझीच निघाली.

हे सगळं त्यांच्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चालायचं. त्या आठवड्यात शाळेत शिक्षण खात्याच्या मोहतमीम साहेबांची तपासणी होती. तीन रात्री मी दप्तरं लिहीत जागा होतो. चौथ्या रात्री आकाश असं निवळलं, की घरी बसवेना. थंडी कडक होती. मृग डोक्यावर आला होता. मी कॅमेरा लावला, मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण मधोमध आणला, लेन्सवरचं टोपण काढलं आणि चाचांना म्हणालो, "चाळीस मिनिटं. निम्मी तुम्ही फिरवा, निम्मी मी."

चाचांनी खिशातलं घड्याळ कानाशी धरलं. ते घड्याळ बघत नव्हते, ऐकत होते. मी घोंगडीवर टेकलो. एवढंच मला आठवतं.

जाग आली ती पहाटेच्या अजानीनं. अंगावर चाचांची शाल होती. लेन्सला टोपण लावलेलं होतं. चाचा नमाजाला गेले होते. मी शरमेनं तिथंच बसून राहिलो. ते परत आले तेव्हा म्हणालो, "उठवायचं ना, चाचा!"

"कशाला? दोन बारी हाक मारली. तुमी लई दमला होता. फिरवलं की म्या."

"सगळी चाळीस मिनिटं?"

"व्हय. मधी एकदा शिंक आली, ती दाबली."

घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाल कागद लावलेल्या कंदिलाच्या उजेडात मी ती प्लेट धुतली. तारे ठिपक्यांसारखे आले होते. सुईच्या टोकाएवढे. मी बायकोला हाक मारून दाखवले. पण बाणाच्या खाली, तीन मिणमिणत्या ताऱ्यांच्या मधोमध, एक धुरकट डाग होता. माझं तोंड उतरलं. धुताना औषधाचा थेंब पडला असणार. एवढी चांगली प्लेट, आणि माझ्याच हातानं नासली.

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हणालो, "ही टाकून देऊ. पुन्हा घेऊ." त्यांनी प्लेट उजेडाकडं धरली, भिंग लावलं आणि डागाच्या कडेकडेनं नजर फिरवली.

"मास्तर, काचंवरच्या डागाला कड असती. थेंब वाळला की कड राहती. ह्येला कड न्हाय. ह्यो डाग काचंवरचा न्हाय. आभाळातला हाय."

मला पटलं नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी बाणाखाली बघितलं. मला काही दिसेना. चाचा म्हणाले, "नीट रोखून नका बघू. बाजूला बघा, मग दिसतंय." मी शेजारच्या ताऱ्याकडं नजर नेली, आणि कडेला काहीतरी धुरासारखं जाणवलं. पुन्हा रोखून बघितलं की नाहीसं होई. माझ्याकडं ताऱ्यांचा एक जुना फाटका नकाशा होता, त्यात मृगाचं पानच नव्हतं.

हैदराबादेत हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार असल्याचं शाळेत आलेल्या एका परिपत्रकात होतं. चाचा म्हणाले, पाठवा. मी दुसरा फोटो काढून पाठवणार होतो, ते म्हणाले, हाच पाठवा. सोबतच्या कागदावर नाव लिहायला एकच ओळ होती. मी तिथं माझं नाव लिहिलं. खरं सांगतो, तेव्हा मनात दुसरा विचारच आला नाही. चाचा शेजारीच बसले होते. पाकिटाला डिंक त्यांनीच लावला.

दोन महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं. पहिलं बक्षीस. साध्या कॅमेऱ्यानं मृगातला तेजोमेघ इतका स्वच्छ टिपल्याबद्दल आणि त्यासाठी दाखवलेल्या असामान्य चिकाटीबद्दल माझं अभिनंदन केलेलं होतं. समारंभाला येऊन चार शब्द बोलावेत अशी विनंती होती. तो डाग म्हणजे तेजोमेघ, हे मला त्या पत्रातून कळलं. आणि 'चिकाटी' या शब्दापाशी माझी नजर अडकून राहिली. कुणाची चिकाटी? मी तर घोरत होतो.

पत्र मी चाचांना लगेच दाखवलं नाही. आज दाखवू, उद्या दाखवू करत आठ दिवस गेले. तेवढ्यात आमच्या हेडमास्तरांनी शाळेत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात पोचली. मी दुकानात गेलो तेव्हा चाचांनी माझ्यासाठी आधीच चहा सांगून ठेवला होता. चेहरा उजळलेला. मला रागाची, निदान टोमण्याची अपेक्षा होती.

"चाचा, नाव तुमचं पाहिजे होतं. मी झोपलो होतो."

"ते मला ठाव हाय. घोरणं म्याच ऐकलं ना!"

"मग तुम्ही माझ्याबरोबर हैदराबादला चला."

ते हसले. "बोलावलंय तुमाला. तिथं मला कुणी इचारलं, तुमी कोण, तर काय सांगू? मास्तर झोपलं व्हतं असं सांगू?"

मी एकटाच गेलो.

दिवाणखान्यात झुंबरं होती. शेरवानीतले लोक, दोन-तीन साहेब आणि भिंतीवर ओळीनं फोटो. माझा फोटो मधोमध. मला आधी ओळखूच आला नाही, इतका मोठा करून लावला होता. माझं नाव पुकारलं, तेव्हा मी रात्रभर घोकलेलं बोललो. उर्दूत सांगितलं, की साहेबांनो, हा फोटो मी काढलेला नाही. फोटो निघत होता तेव्हा मी झोपेत होतो. आमच्या गावच्या घड्याळजींनी चाळीस मिनिटं हातानं स्क्रू फिरवला, आणि हा डाग आभाळातला आहे हेही त्यांनीच ओळखलं.

सगळे मोठ्यानं हसले आणि टाळ्या वाजल्या. आधीपेक्षा जास्त. शेजारचे एक गृहस्थ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाह! क्या इन्किसारी है!" केवढा हा विनय! मी पुन्हा सांगायला गेलो, तर आणखी टाळ्या.

परीक्षक म्हणून आलेले एक वयस्क, पांढऱ्या दाढीचे सद्गृहस्थ होते. सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं. एवढ्या लोकांत तेवढं त्यांनीच माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"फोटो घ्यायचा हे कुणी ठरवलं?"

"मी."

"लेन्स कुणी उघडली? प्लेट कुणी धुतली?"

"मीच."

"मग अडचण काय आहे? मोठ्या दुर्बिणीसुद्धा घड्याळाच्या यंत्रावर फिरतात. फोटोखाली त्या यंत्राचं नाव कुणी लिहीत नाही."

चाचा यंत्र नाहीत, असं मला म्हणायचं होतं. थंडीत शिंक दाबून धरणारं यंत्र असतं का? पण ते इतक्या सहज आणि इतक्या सभ्यपणे बोलले होते, की मी बक्षिसाची सनद घेतली, सलाम केला आणि बाहेर पडलो. परतीच्या सगळ्या वाटेवर मला स्वतःचा राग येत होता, आणि तो नक्की कशाचा ते ठरत नव्हतं. झोपलो याचा, नाव लिहिलं याचा, की शेवटी गप्प बसलो याचा?

चाचांना मी सगळं सांगितलं. झुंबरं, टाळ्या, मोठा केलेला फोटो. परीक्षकांचं बोलणं तेवढं गिळलं. पण त्यांनी खोदून खोदून विचारलं, "आन् दाढीवाले काय म्हणले?" शेवटी जड जिभेनं सांगितलं, की त्यांनी तुमची बरोबरी दुर्बिणीच्या यंत्राशी केली.

चाचांनी भिंग काढून ठेवलं. "मोठ्या दुर्बिणीच्या? सरकारी?"

"हो."

"म्हंजे चाळीस मिन्टात माझा हात तेवढा बरोबर चालला, असं म्हणले?"

"तसंच म्हणायचं असेल."

ते खूश झाले. खरोखर खूश. शेजारच्या शिंप्याला हाक मारून त्यांनी ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. मी सांगत होतो, आणि ज्या वाक्यानं मी दोन दिवस जळत होतो, ते वाक्य ऐकून या माणसाला आपला गौरव झाल्यासारखं का वाटावं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्याच रात्री मी सनदेवर माझ्या नावाखाली चाचांचं नाव माझ्या शाईनं लिहिलं. हेडमास्तरांनी ते बघून कपाळाला हात लावला. "मास्तर, सनदेवर खाडाखोड केली की ती रद्द होते!" रद्द तर रद्द, म्हणालो.

त्यानंतर आम्ही एकच हिवाळा फोटो घेतले. मग दिवस बिघडले. रात्री माळवदावर कंदील दिसला तरी लोक घाबरत, कोण कुणाला इशारा देतंय म्हणून. पुढं निजामाचा अंमल गेला, आणि त्या धामधुमीत चाचांना त्यांचा जावई गुलबर्ग्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी फळ्या माझ्या घरी पोचवल्या आणि स्क्रूला तेल देत जा, म्हणून निरोप ठेवला. मी दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, दुसऱ्याचं नाही. चाचांकडं फार पत्रं दुरुस्त करायला येत असावीत असं स्वतःला समजावून मी तिसरं लिहिलंच नाही. पत्रं नव्हे, घड्याळं. बघा, अजूनही या गोष्टीपाशी आलो की माझे शब्द असे इकडचे तिकडं होतात.