माझ्या रजेचे सहा महिने

केसपेपर काढून देणारा माणूस सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. लोकांना डॉक्टर आठवतो, सुई देणारी सिस्टर आठवते. पण बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भाऊ सगळ्यांना ठाऊक होते. खिडक्या दोन. एका खिडकीत मी, शेजारच्या खिडकीत भाऊ. माझी खिडकी मोकळी असली तरी म्हाताऱ्या बायका त्यांच्याच रांगेत थांबायच्या. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मग मी हातातलं काम सोडून त्यांचं बोलणं ऐकायला लागले.

आधार कार्ड घरी राहिलं की म्हातारीला वय सांगता यायचं नाही. "तूच लिही बाबा अंदाजानं," ती म्हणायची. भाऊ मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "माय, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलतीस का आईच्या कडंवर होतीस?" म्हातारी हसायची आणि कडेवरची गोष्ट सांगायला लागायची. तेवढ्यात वय लिहून कागद तिच्या हातात यायचा. मागचा माणूसही ओरडायचा नाही, कारण तोही ऐकत असायचा.

आम्ही दोघंही कंत्राटी. भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी गरोदर राहिले तेव्हा त्यांना मीच भीत भीत सांगितलं. सहा महिन्यांची रजा मिळत होती, पण माझ्या जागी बसायला माणूस नव्हता. कार्यालयानं वर पत्र पाठवलं. उत्तर आलं, अंतर्गत व्यवस्था करावी. अंतर्गत म्हणजे भाऊच होते.

"तुमी बिनघोर जा, ताई," ते म्हणाले. "दोन खिडक्या म्हंजी काय लई न्हाई."

मी बिनघोर गेले. मुलगी झाली. चौथ्या महिन्यात एकदा मी फोन केला. मागे गर्दीचा कालवा ऐकू येत होता, कुणीतरी गजावर हात आपटत होतं. "चालू हाय, ताई," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा केला नाही. बाळ रात्रंदिवस जागवत होतं. मला स्वतःच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती, दुसऱ्याचे डोळे कुठून आठवणार?

परत कामावर रुजू झाले तो दिवस मला चांगला आठवतो. मी पेढे घेऊन गेले होते. भाऊ खूप वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी झाली होती. त्यांनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला आणि मुलगी कशी आहे हे न विचारता पुढचा कागद ओढला. तो पेढा दुपारपर्यंत तिथेच होता. मुंग्या लागल्यावर मीच उचलला.

मला वाटलं, माझ्या रजेचा राग धरलाय. मलाही वाईट वाटलं, आणि मी मोजकंच बोलायला लागले. आज वाटतं, त्या एका चुकीच्या समजुतीत तीन महिने गेले. ते रागावलेले नव्हतेच. रागावायला माणसात थोडा जीव शिल्लक लागतो.

आता ते मान वर करत नव्हते. नाव, वय, गाव, पुढचं. एवढे चार शब्द, एकाच सुरात. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. म्हातारी वय सांगताना अडखळली की साठ लिहून मोकळे. गर्दीचे दिवस होते. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्याआधी बायका, लेकरं, म्हातारे दाखवून घ्यायला येतात. शिवाय दर तासाला सर्व्हर बंद पडायचा आणि त्याच्या शिव्या आम्हाला मिळायच्या. एकानं भाऊंची गचांडी धरायला गजातून हात घातला होता, असं शिपाई मामांनी मला सांगितलं. मी नव्हते तेव्हा. भाऊ मला त्यातलं काही बोलले नव्हते.

एका रविवारी भाजी घेताना त्यांची बायको भेटली. हसत हसतच म्हणाली, "ताई, हे झोपंत बी 'पुढचं, पुढचं' म्हणत्यात. पोरगी दचकून उठती." मी पण हसले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सोमवारी चहाच्या वेळी मी ते सिस्टरांना गंमत म्हणून सांगितलं. सगळ्या हसल्या. तेवढ्यात भाऊ कप घ्यायला आले, तर एक सिस्टर म्हणाली, "या, पुढचं!" भाऊ पण हसले. कसंनुसं. ते हसू मला अजून डोळे मिटले की दिसतं.

त्याच सुमारास ताणतणावाचं एक प्रशिक्षण झालं. बाहेरून कुणी बाई आल्या होत्या. वरच्या हॉलमध्ये डॉक्टर आणि सिस्टर डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होते. आम्हाला जाता आलं नाही, खिडक्या बंद ठेवता येत नव्हत्या. पण संख्या भरायला हवी म्हणून हजेरीचा कागद खाली आमच्याकडे आला. मी सही केली. भाऊंनी पण केली. दोन पेशंटच्या मध्ये, न वाचता.

मग तो सोमवार आला. दोन्ही रांगा दारापर्यंत गेल्या होत्या. माझ्या खिडकीशी एक माणूस आधारवरून हुज्जत घालत होता. त्याच्या खांद्यावरून माझी नजर शेजारच्या रांगेत गेली आणि मला भाऊंच्या आई दिसल्या. भाऊंच्या मुलीच्या बारशाला मी त्यांना भेटले होते. लिंबागणेशच्या पुढच्या एका खेड्यात त्या एकट्या राहत. भाऊ बायकोपोरीला घेऊन आमच्या गावात भाड्याच्या खोलीत. आई जीपनं आल्या असाव्यात. पदर डोक्यावर, एक हात छातीवर. चार-पाच माणसं पुढे होती. लेकाकडे बघून त्या थोड्या हसल्यासारख्या दिसल्या.

मी हाक मारायला हवी होती. समोरचा माणूस बोटं नाचवत होता, मी त्याच्याशी बोलत राहिले.

आई खिडकीशी आल्या.

"नाव," भाऊ म्हणाले.

आईंनी क्षणभर वाट बघितली. त्यांना वाटलं असेल, थट्टा करतोय. मग त्यांनी नाव सांगितलं.

"वय."

"आरं, मला कुठं ठावं..."

"साठ. गाव."

त्यांनी गाव सांगितलं. भाऊंनी ते टाइप केलं. स्वतःचंच आडनाव, स्वतःचंच गाव. कागद गजाखालून पुढे सरकवला.

"पुढचं."

आईंनी कागद घेतला. त्या जरा रेंगाळल्या. मागच्या बाईनं कोपरानं ढकललं तशा त्या बाजूला झाल्या आणि ओपीडीकडे निघून गेल्या. मी मनाशी म्हटलं, चहाला उठलो की सांगू.

त्या दिवशी चहाला उठायला जमलंच नाही. दीड वाजता खिडक्या बंद केल्यावर मी विचारलं, "भाऊ, आई भेटल्या का नंतर?"

"कोन आई?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. "तुमच्या आई. तुम्हीच कागद दिला की त्यांना."

 त्यांनी संगणकावरची यादी मागे मागे नेली. एका ओळीशी थांबले. ती ओळ बोट ठेवून वाचली, जशी नुकती अक्षरं शिकलेली लेकरं वाचतात. मग खुर्ची मागे पडली आणि ते धावत सुटले. ओपीडी, औषधांची खिडकी, इंजेक्शनची खोली, फाटक. जीपच्या अड्ड्यापर्यंत गेले. आई निघून गेल्या होत्या.

परत आले ते घामानं ओले होऊन. "आवाज बी वळकला न्हाई, ताई," एवढंच म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं. 

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. खिडकी उघडली. पहिला माणूस समोर उभा राहिला आणि भाऊंचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. माणूस वाट बघत होता. मागून आरडाओरडा सुरू झाला, "झोपला का बे?" भाऊ त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. कोण आहे ते नीट बघून घेत होते. मी उठून त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागच्या खोलीत नेऊन बसवलं. त्या खिडकीत ते शेवटचे बसले ते तेव्हाच. महिनाअखेरीला कंत्राट नव्यानं करायचं होतं, त्यावर सही करायला ते आले नाहीत.

मी अधीक्षकांकडे गेले. साधे, भले गृहस्थ. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी लगेच एका कक्षसेवकाला बोलावलं, त्याला संगणक येत होता. दर दोन तासांनी खिडकीतल्या माणसानं उठायचं आणि त्यानं बसायचं, असं ठरलं. गर्दीच्या वेळी एक शिपाई रांगेजवळ उभा राहील. रजेवर कुणी गेलं तर दुसऱ्या विभागातून माणूस येईल. हे सगळं ठरायला दहा मिनिटं लागली. मी त्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. दहाच मिनिटांचं काम होतं ते.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन मी भाऊंच्या खेड्यात गेले. भाऊ बिऱ्हाड हलवून तिकडेच राहायला गेले होते. ते शेतात होते. दारात आई होत्या. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं.

"आई, तुम्ही त्यांना हाक का नाही मारली त्या दिवशी?"

"कावून मारू? लई मानसं व्हती मागं. म्हनलं, लेकरू कामात हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्याला काई इचारू नगा. माझ्याकडं बघत बसतो दिस दिस."

छातीत दुखायचं थांबलं का, विचारलं, तर हातानंच नाही म्हणाल्या. गोळ्या संपल्या होत्या. दवाखान्याचं नाव काढलं की भाऊ उठून बाहेर जातात म्हणून त्या दवाखान्यात जातच नव्हत्या. दुखलं तरी सांगत नव्हत्या. मी गावातल्या आशा सेविकेला गाठून गोळ्या घरपोच मिळतील अशी सोय केली. माझ्या हातून तेवढंच झालं.

भाऊ आले. मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि पहिल्यांदा विचारलं, "नाव काय ठिवलं?" मी सांगितलं. मी दोन तासांच्या पाळीचंही सांगितलं, परत या असंही म्हटलं.

"लई बरं झालं, ताई," ते म्हणाले. "तुमाला तरी झालं."

परत येण्याबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मला जीपपर्यंत सोडायला आले. वाटेत मी माफी मागितली. रजेबद्दल, सिस्टरांना सांगितलं त्याबद्दल. त्यांनी रस्त्याकडे बघत मान हलवली. ती माफ केल्याची होती की ऐकल्याची, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगी बसते. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "माझा आवाज बदलला तर मला सांगायचं. मी रागावले तरी सांगायचं." ती लाजली होती. पण परवा पावणेबाराला तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, तुम्ही त्या आजोबांना काय बोललात, कळलं का?"

मला खरंच कळलं नव्हतं. मी उठले. कक्षसेवक माझ्या खुर्चीत येऊन बसला. आजोबा अजून व्हरांड्यात होते, मी त्यांच्याजवळ गेले, त्यांना नाव विचारलं आणि हात धरून ओपीडीच्या बाकापर्यंत नेलं.