कळवून येणारा माणूस

लोक त्यांना मिनिटकाका म्हणत आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट मनातून बरंच वाटे. बस डेपोत तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, वेळापत्रकं आखण्याचं. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहणार, ड्रायव्हरनं चहा कधी प्यायचा, हे सगळं त्यांच्या आखीव कागदावर ठरायचं. बस त्याप्रमाणे धावायच्या की नाही हा भाग वेगळा, पण कागदावर एकही बस कधी उशिरा सुटली नाही. "दहाच्या सुमारास येतो" असं काका जन्मात कधी म्हणाले नाहीत. "दहा वाजून सात मिनिटांनी येतो" म्हणायचे आणि यायचे. सख्ख्या मुलीकडे जायचं असलं तरी आदल्या दिवशी फोन. न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी आणि चहाडी यांच्या मधला कुठला तरी गुन्हा होता.

निवृत्तीनंतर या माणसाला नागरिक पाहणी समितीवर घेतलं. शहराचे दवाखाने, निवारे, पाण्याच्या टाक्या, स्वच्छतागृहं यांचा कारभार नीट चाललाय का हे सात साध्या नागरिकांनी जाऊन बघायचं आणि फॉर्म भरायचा, असं ते काम. पगार नाही, गळ्यात घालायला ओळखपत्र तेवढं. नियम अगदी स्पष्ट होता : सदस्यानं कधीही, न कळवता जावं. काकांनी तो वाचला, त्यांना तो उद्धट वाटला, आणि त्यांनी तो आपल्यापुरता सुधारून घेतला. आदल्या दिवशी ते फोन करायचे. "नमस्कार, समितीतून बोलतोय. उद्या दहाला येतो."

त्यांच्या वाट्याला आलं होतं शहराचं वृद्धनिवास. फक्त बायकांसाठी, चाळीस खाटा. दर तीन महिन्यांनी काका दहाच्या ठोक्याला फाटकात हजर. फरशी पुसलेली, प्रत्येक खाटेवर निळं पांघरूण, नळाला गरम पाणी आणि दारात हसतमुख अधीक्षकबाई. फॉर्ममध्ये बत्तीस प्रश्न असायचे. काका एकेका प्रश्नापुढे पट्टीनं मारल्यासारखी सरळ खूण करायचे आणि शेवटी ठळक अक्षरात लिहायचे, "समाधानकारक".

समितीत एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. एकदा बैठकीत त्या म्हणाल्या, "काका, कळवून गेलं की घर दिसतं, संसार दिसत नाही. एकदा न सांगता जाऊन बघा की."

"आपण नागरिक आहोत, पोलीस नाही," काका म्हणाले. "समोरच्यालाही काही मान असतो."

वाक्य चांगलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि काका त्या दिवशी खुशीत घरी आले. आज ती खुशी आठवली की त्यांना स्वतःची शरम वाटते.

मग ताईचं दुखणं निघालं. ताई काकांपेक्षा सात वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे काकांचं न्हाऊमाखू, शाळा, अभ्यास सगळं तिनंच पाहिलेलं. लग्न केलं नाही, आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवला आणि कुणापुढे हात पसरला नाही. ती मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंचे स्वतःचेच गुडघे रोज नवी तक्रार सांगणारे. नवराबायकोनं चार दिवस विचार केला. तशी सोय झाली नसती असं नाही. बाहेरच्या खोलीत खाट मावली असती. पण काकांकडे त्याहून चांगला उपाय होता, निदान त्यांना तसं वाटलं.

"ताई, ते ठिकाण मी स्वतः दहा वर्षं बघतोय," ते म्हणाले. "डोळे मिटून जा."

ताईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तू बघितलंयस ना? मग झालं."

भेटीची वेळ रविवारी चार ते पाच. नातेवाइकांना आत सोडत नसत. माणसाला पुढच्या हॉलमध्ये आणून बसवत. काका चारला पोहोचायचे. ताई धुतलेल्या साडीत, केस विंचरून बसलेली असायची. "सगळं ठीक ना? जेवण वेळेवर? गोळ्या वेळेवर?" काका विचारायचे. ताई "हो" म्हणायची. मग काका घरच्या गोष्टी सांगायचे आणि पाचला उठायचे. ती वाळत चालली होती हे त्यांना दिसत होतं, पण वय झालं की माणूस वाळतंच, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती. पाहणीला आत जायचे तेव्हा ताई निळ्या पांघरुणात नीट निजलेली दिसायची. नात्याचा फायदा घेतल्यासारखं दिसू नये म्हणून तिच्या खाटेपाशी ते जास्त थांबतसुद्धा नसत.

असे आठ महिने गेले. एका बुधवारी सकाळी काका दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टरांनी अचानक सुट्टी घेतलेली. हातात दोन रिकामे तास, आणि वृद्धनिवास दोन थांब्यांवर. काकांनी सवयीनं फोन बाहेर काढला. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. आपल्या बहिणीला बघायला कसली आलीय वर्दी? फाटकावरचा पहारेकरी "आज रविवार नाही" म्हणून आडवा आला, तेव्हा त्यांनी ओळखपत्र दाखवलं. समितीच्या माणसाला अडवता येत नाही, एवढं पहारेकऱ्याला ठाऊक होतं.

आधी आला तो वास. मग दिसल्या खाटा. निळं पांघरूण एकाही खाटेवर नव्हतं. विटक्या चादरी गुडघ्यांशी ओढून बायका पडल्या होत्या. प्रत्येक खाटेला मदतीसाठी बोलवायची घंटा होती, तिचं बटण वायरीला लटकलेलं असायचं. त्या सगळ्या वायरी गुंडाळून भिंतीवर उंच खिळ्यांना अडकवल्या होत्या. निजलेल्या बाईचा हात तिथवर सात जन्मांत पोहोचला नसता. फॉर्ममधला एकोणिसावा प्रश्न होता, "घंटा हाताशी आहे का?" काकांनी त्याच्यापुढे चव्वेचाळीस वेळा खूण केली होती.

ताई मागच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. उठून पडू नये म्हणून कमरेभोवती चादरीची घडी घालून तिला खुर्चीला बांधलं होतं. साडी ओली होती, आणि कडेनं वाळत आली होती, म्हणजे बराच वेळ झाला होता. काकांना पाहून ती गोंधळली.

"आज रविवार आहे का रे?" तिनं विचारलं. मग मांडीवरचा ओला भाग हातानं झाकत, चोरी पकडली गेल्यासारख्या आवाजात म्हणाली, "फोन नव्हता केलास?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठ सुटता सुटेना. दारालगतच्या खाटेवरून एक बोळकं तोंड कौतुकानं हे सगळं बघत होतं.

"हेच का गं तुझे भाऊ? फोनवाले?" त्या आजी म्हणाल्या. "अहो, तुमचा फोन आला की आमची चैन असते बघा. पांघरुणं निघतात, गरम पाणी येतं, घंटा खाली येतात. दोन दिवस तरी मजेत जातात. आम्ही सगळ्या वाट बघत असतो. जरा लवकर लवकर करत जा की फोन."

आजींच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरंच आभार मानत होत्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर काकांनी सहज सोसल्या असत्या.

त्याच दुपारी शेजारच्या दोघांनी ताईला खुर्चीसकट दोन जिने वर काकांच्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी काकांनी सात पानांची तक्रार लिहिली. पंधरा दिवसांनी शहराच्या कार्यालयात सुनावणी झाली. तिथला अधिकारी सभ्य माणूस होता, आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं एक जाडजूड फाईल काकांपुढे सरकवली.

"काका, हे चव्वेचाळीस अहवाल तुमचेच. सगळीकडे समाधानकारक. मग एका बुधवारी असं काय झालं? घरच्या माणसाचं काही बिनसलं का तिथे?"

"तुम्ही स्वतः जाऊन बघा," काका म्हणाले.

"बघून आलो. पांघरुणं आहेत, घंटा हाताशी आहेत. आदल्या दिवशी कळवून गेलो होतो, तुमचीच पद्धत."

काकांचं डोकं फिरलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "ज्या समितीला हे दिसलं नाही, तिच्यात मला राहायचं नाही," असं म्हणून ते बाहेर पडले. जणू समिती म्हणजे दुसरंच कुणीतरी होतं.

सुनावणीला आलेल्या सिस्टरबाई मागोमाग जिन्यात आल्या. "राग आला म्हणून खुर्ची सोडायची नसते, काका. कसं बघायचं ते आता तर तुम्हाला कळलंय. परत घ्या राजीनामा."

काकांनी ऐकलं नाही. आपण काहीतरी बाणेदार केलं अशा तोऱ्यात ते उतरले. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. काका तर बैल गेल्यावर गोठाच टाकून निघून आले.

घरी बाहेरच्या खोलीत ताईची खाट आरामात मावली. पण ती कुणाला हाक मारायची नाही. तहान लागली तरी कुणी आपणहून येईपर्यंत गप्प पडून राहायची. "सवय गेलीय हो त्यांची," काकू म्हणाल्या. महिनाभरानं एका दुपारी काकांना राहवलं नाही. ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"ताई, मला का नाही सांगितलंस? दर रविवारी येत होतो मी."

ती रागावली नाही. "तू विचारलंस कुठे? 'सगळं ठीक ना' म्हणायचास. त्यावर माणूस होच म्हणतं. आणि पहिल्याच आठवड्यात मी कुरकुर केली, तर त्या अधीक्षकबाईंनी तुझा कागद आणून दाखवला मला. तुझी सही होती खाली. म्हटलं, भावाला खोटं कसं पाडू?"

काका उठून आत गेले आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रडणाऱ्यांतले नव्हते ते, पण त्या दिवशी रडले. काकूंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पुढे थंडीचे दिवस आले. काकूंनी संध्याकाळीच ताईच्या अंगावर दुसरं पांघरूण घातलं. त्याच सुमारास भाजी घेताना सिस्टरबाई भेटल्या होत्या. समितीत काकांच्या जागी कुणाला घेतलेलं नाही, वृद्धनिवास कुणाच्याच वाट्याला दिलेलं नाही, असं त्यांनी जाता जाता सांगितलं होतं. काकांनी ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईनं पांघरुणाचा काठ गळ्यापर्यंत ओढून घेतला. "यंदा थंडी फार आहे, नाही?" ती म्हणाली. मग जरा वेळानं तिनं विचारलं, "तिकडे आता फोन कोण करतं रे?"

"करत असेल कुणीतरी," काका म्हणाले.

ताईचा त्यांच्या शब्दावर अजूनही विश्वास होता. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले.