सिपरी बाजारातलं बोइंग-एअरबस

माझा भाऊ नीलकंठ आजवर विमानात बसलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की हा गृहस्थ निदान दोन-चारदा तरी आभाळात जाऊन आला असेल. नाही. आमच्या झाशीहून प्रवासी विमान उडत नाही, आणि उडालं असतं तरी दादा रेल्वेचा पास सोडून त्यात बसला नसता. तरीही अमेरिकेतली बोइंग आणि फ्रान्सातली एअरबस या दोन कंपन्यांत विमानं विकण्यावरून जे भांडण चालतं, ते त्यानं वीस वर्षं सिपरी बाजारातल्या आमच्या घरात चालवलं. ज्यांची विमानं ते कधी एकत्र बसून जेवतही असतील. आमच्याकडे मात्र जेवताना दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायची सोय नव्हती.

दादा रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायचा. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेनं चालायचं, चाकावर टोला मारायचा आणि आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला की डब्यावर खडूनं ‘सिक’ लिहायचं. मग तो आजारी डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर उभा करत. यार्डातली रीत अशी की ज्यानं सिक लिहिलं त्यानंच जाऊन, पुन्हा तपासून, ते आपल्या हातानं पुसायचं. काम चोख करायचा, यात वाद नाही. पण घरी आल्यावरही त्याचा कान उघडाच असे. शेजाऱ्यांची नवी मोटारसायकल, माझी कढी, त्याच्या लेकीचे, अंबिकेचे मास्तर, सगळं ठोकून बघायचं आणि नापास करायचं. माझी तीन स्थळं त्यानं अशीच नापास केली. मग मी शाळेत नोकरी धरली आणि लग्नाचा विषय सोडला. त्याबद्दल मी दादाला काय काय बोलले आहे ते इथे नको.

आयुष्यात एकच गोष्ट त्यानं पहिल्या फटक्यात पास केली. शहात्तर साली खात्याच्या परीक्षेसाठी तो दिल्लीला गेला होता. पेपर आटोपल्यावर कोणीतरी त्याला पालमच्या कुंपणापाशी नेलं, आणि तिथं बोइंगचं जम्बो विमान उतरताना त्यानं पाहिलं. परत आला तो एकच घोषा घेऊन. “अनुसूये, अठरा चाकं! आपल्या डब्याला आठ. अठराच्या अठरा एका दमात टेकली, जरा आवाज वेगळा नाही!” लोक विमान बघायला जातात आणि पंख बघतात. यानं चाकं मोजली. तेव्हापासून दादा बोइंगचा.

नुसता भक्त असता तर चाललं असतं. पण भक्ताला दुसरा देव दिसला की भांडण आलंच. ते भांडण विद्याधररावांनी पुरवलं. विद्याधरराव दादाच्याच यार्डात, मराठीच घरातले, एकटा जीव. नव्वदच्या सुमारास आपल्या देशात एअरबसची नवी विमानं आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “नीलकंठा, आजपासून मी एअरबसचा.” कारण विचाराल तर काही नाही. दादा बोइंगचा होता, हेच कारण.

इलाइट चौराह्याजवळ मधुचं चहाचं दुकान आहे. रोज संध्याकाळी हे दोघे तिथे बसत. कोणत्या देशानं कोणाची किती विमानं मागवली, ते वर्तमानपत्रातून टिपून आणत आणि जानेवारीत वर्षाचा निकाल लावत. मधुला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तोही विचारायचा, “काय बाबूजी, आज कौन जीतो?” एअरबसचं दुमजली अजस्र विमान आलं तेव्हा तर कहर झाला. विद्याधरराव म्हणत, मोठ्या विमानानं मोठ्या शहरी उतरावं आणि तिथून दुसरं विमान पकडून आपल्या गावी जावं, पुढचा काळ याचाच. दादा म्हणे, मधे उतरायला कोणाला हवंय? माणसाला थेट जायचं असतं, त्यासाठी बोइंगचं बेताच्या आकाराचं विमान बरं. यावर विद्याधरराव टेबलावर हात आपटत. “अरे, तू झाशी जंक्शनचं मीठ खातोस! लोक इथे उतरून गाडी बदलतात म्हणून आपल्या घरी चूल पेटते. आणि तू म्हणतोस मधे उतरायला कोणाला हवंय? नमकहराम!” दोन दिवस दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल.

या गोंगाटात अंबिका वाढली. वहिनी गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मुलींना रात्री गोष्टी सांगतात. हिला बापानं विमानाचा पंख कसा वाकतो ते सांगितलं. व्हायचं तेच झालं. पोरगी विमानाची इंजिनियर झाली, आणि झाशीत विमानाच्या इंजिनियरला काम कोण देणार? वर्षभर घरी बसून अर्ज करत होती. शेवटी बेंगलोरच्या एका कंपनीनं तिचा अर्ज निवडला. त्या कंपनीत एअरबसच्या पंखांची काही ड्रॉइंगं होत असत. फोनवर मुलाखत घेऊ, असं त्यांचं पत्र आलं. तारीख ते फोनवरच कळवणार होते. फॉर्मवर घरचा नंबर दिला होता, कारण अंबिकेकडे मोबाइल नव्हता.

तो फोन आला दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी. मी शाळेत होते. अंबिका मऊरानीपुरला मैत्रिणीच्या हळदीला गेली होती. आमच्या घरात फोन थोरल्यानं उचलायचा आणि कोण, कुठले, काय काम, एवढं विचारून मगच मुलीला बोलवायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची शिस्त. दादानं फोन उचलला.

संध्याकाळी मी घरी आले तर स्वारी खुशीत. “चाळीस मिनिटं बोललो,” म्हणाला. “माणूस ऐकणारा होता.”

“कोण माणूस?”

“बेंगलोरवाला. त्यानं विचारलं, आमच्या मोठ्या विमानाच्या कामात तुमच्या मुलीला रुची आहे का? मी म्हटलं, भाईसाहब, ते विमान चालणार नाही. का चालणार नाही, ते सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, माझी मुलगी ते कधी पास करणार नाही.”

माझ्या हातातली पिशवी तिथेच राहिली. “अरे दादा, तो नोकरी द्यायला फोन करत होता!”

“मग? खरं बोललो मी.”

बुधवारी अंबिका आली. तिचं घरातलं मराठी एरवी बरं असतं, पण संतापली की अर्धं हिंदीत जातं. “बाबा, ये काय केलं तुम्ही? मेरा इंटरव्ह्यू था वो! माझा! तुमचा नाही!” तिनं लगेच बेंगलोरला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आपल्याला रस नसल्याचं घरून कळवलं गेलं, म्हणून नाव काढलं. यादी सोमवारी पक्की होईल. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब दिवसभर मीटिंगमध्येच होते. शेवटी अंबिकेनं फोन ठेवला आणि म्हणाली, “आत्या, मी चौराह्यावरच्या कोचिंगमध्ये गणित शिकवायला जाते. नाहीतर ग्वाल्हेरवाल्यांना हो सांगून टाक.” ग्वाल्हेरवाले म्हणजे एक स्थळ होतं. मुलगा बरा होता, पण त्याला घरी राहणारी बायको हवी होती.

मी दादाला त्या दिवशी जे बोलले ते आजही परत घेणार नाही. म्हटलं, “माझं आयुष्य तू बाजूच्या रुळावर लावलंस, मी गप्प बसले. हिचं लावलंस तर मी या घरात राहणार नाही. तू लिहिलंस, तूच जाऊन पूस.” तो हातोडी पुसत बसला. पुसून पुसून त्या हातोडीचं लोखंड झिजायचं बाकी राहिलं.

गुरुवारी सकाळी बघते तर हा कपडे भरतोय. अंबिका म्हणाली, मी कोणाच्या पाया पडायला येणार नाही. याला एकट्याला पाठवणं म्हणजे आगीत तेल, म्हणून मी शाळेत रजा टाकून बरोबर निघाले. कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या मी अट घातली, “तिथे एक वाक्य बोलायचंस. माफ करा. बस.” दादानं मान हलवली. पण त्याच्या मान हलवण्यावर माझा काडीइतका विश्वास नव्हता.

शनिवारी सकाळी त्या चकचकीत इमारतीत आम्ही तीन तास बसलो. शेवटी साहेब बाहेर आले. चाळिशीचे, बारीक अंगाचे. दादा रेल्वेच्या अफसरासमोर उभा राहतो तसा उभा राहिला. आणि अर्थातच एका वाक्यावर थांबला नाही.

“साहब, मैं मालगाडी के डिब्बे देखता हूँ,” तो म्हणाला. “इकतीस साल में बिना देखे किसी डिब्बे पर सिक नहीं लिखा. आपके जहाज पर लिख दिया. देखा नहीं, छुआ नहीं. मैं तो आज तक किसी जहाज में बैठा भी नहीं.” त्यानं हात जोडले. “लड़की ने कुछ नहीं कहा था. सब मेरा था.”

मी त्याची बहीण, पन्नास वर्षं त्याला ओळखते. चूक माझी, हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, आणि विमानात बसलो नाही हे तर तो मधुच्या दुकानातही कोणाला कळू देत नसे. साहेबांनी मग विचारलं, “तो इतना सब जानते कैसे हैं?”

“अखबार से.”

साहेबांनी खिशातून कागद काढून काहीतरी लिहिलं. “कल ग्यारह बजे फोन करूँगा,” ते म्हणाले. “फोन वही उठाए.”

परतीच्या गाडीत मला त्याचा राग यायला हवा होता तेवढा येईना, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. घरी पोचलो तेव्हा दार अंबिकेनं उघडलं. मुलाखत झाली होती आणि नोकरी मिळाली होती. बापाकडे न बघता तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. पुढच्या महिन्यात ती बेंगलोरला गेली.

आता घरात शांतता होईल असं मला वाटलं. माझं चुकलंच. ती गेली त्या संध्याकाळी दादा मधुच्या दुकानात गेला आणि सरळ म्हणाला, “विद्याधर, दुमजली विमानाची बावीस चाकं आहेत. विचार करता तेच बरं आहे. मी एअरबसचा.” दुकानात हशा पिकला. लोकांनी दलबदलू म्हटलं, एकानं तर आता निवडणूक लढवा म्हणून सांगितलं. दादा ढिम्म. विद्याधररावांचे मात्र हाल झाले. ते आठवडाभर रोज आमच्या दारात येऊन मला विचारायचे, “अनुसूयाबाई, हा थट्टा करतोय ना? मग मी भांडू कोणाशी?” शेवटी त्यांनी निरुपायानं बोइंग घेतलं. साठीला टेकलेला माणूस, जन्मभर ज्या विमानांना नावं ठेवली त्यांचे आकडे ओसरीत बसून शाळेतल्या पोरासारखा घोकत होता. चष्मा लावून, मोठ्यानं. आणि दोघे पुन्हा भांडायला लागले, तोच गोंगाट, फक्त उलट्या बाजूंनी. माझ्या डोक्याला कुठली बाजू याचा काही फरक पडत नव्हता.

चार वर्षं अशी गेली. मग एका रविवारी अंबिकेचा फोन मला आला. घाबरली होती. “आत्या, बाबा जवळ आहेत? नको, त्यांना नको देऊ. मी जॉब बदलतेय. चांगली पोस्ट आहे, पण काम बोइंगचं आहे. त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांचं ऐकून घेतलं, अब किस मुँह से सांगू?”

मला आधी हसू आलं आणि मग चांगलाच वैताग आला. या बाप-लेकींपायी मी किती वर्षं मधल्या मधे मरायचं? मी फोन तसाच दादाच्या कानाला लावला आणि म्हटलं, “काय ते तुझं तू सांग.”

तिनं सांगितलं. दादा ऐकत होता. पगार विचारला नाही, पद विचारलं नाही. म्हणाला, “बरं. चांगलं झालं. पण बेटा, पुढच्या वेळी बदलशील तेव्हा महिनाभर आधी कळवत जा. माझं काही नाही, मी तू असशील तिकडे. त्या विद्याधरला मात्र सगळं पुन्हा पाठ करावं लागतं, आणि आता त्याच्या लक्षात राहत नाही.”

एवढं बोलून त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि पायात चपला अडकवून विद्याधररावांना सांगायला गेला.