आज किती वर गेला?

आई-वडिलांनंतर मी कुणाचा सर्वांत जास्त ऋणी आहे, असं विचारलंत तर मी फुगेमामांचं नाव घेईन. खरं नाव निराळं होतं, पण आमच्या हवामान केंद्रात ते कुणी वापरत नसे. मामा भेटले की आधी बोलत नसत. दोन बोटांच्या चिमटीत समोरच्याची बाही धरत, कापड चोळून बघत आणि मग ठरवत, की या माणसाशी आत बोलायचं की बाहेर.

माझ्याशी ते बाहेर बोलले. जिंतूरकडच्या खेड्यातून बीएस्सी होऊन मी अंधेरीला रुजू झालो, तेव्हा वडिलांनी खास शिवून दिलेला चकचकीत टेरिकॉटचा शर्ट अंगात होता. पदवी आणि टेरिकॉट दोन्ही आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती.

"टेरिकॉट मा रे झिला?" मामा म्हणाले. "भायर!"

त्यांच्या शेडमध्ये रोज दुपारी एका पांढऱ्या फुग्यात हायड्रोजन भरत. फुग्याखाली लोंबणारं छोटं यंत्र वर जाता जाता हवेचं तापमान, दाब आणि ओलावा कळवत राही. हायड्रोजनला एक ठिणगी पुरते आणि टेरिकॉट घासलं की ठिणगी पडू शकते. म्हणून शेडबाहेर खिळ्याला मामांचे तीन जुने सुती शर्ट टांगलेले असत. त्यातला एक माझा झाला. त्यात माझ्यासारखे दोघे मावले असते.

मामा सातवी शिकलेले. पण हवेबद्दल बोलू लागले की चाळीतल्या बिऱ्हाडांबद्दल सांगताहेत असं वाटे. "शंभरात अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन. तू म्हणशील खोगीरभरती. अरे, तो मधे गप्प बसलाय म्हणून एकवीस टक्के ऑक्सिजनचं डोकं ठिकाणावर आहे. नायतर चहाला गॅस पेटवताना घर पेटलं असतं." उरलेला एक टक्का जवळजवळ सगळा आर्गॉन. "तो पावणा. कुणाशी बोलणं नाय, कुणाशी भांडण नाय."

वरची हवा विरळ, म्हणजे तिच्यातलं वायूंचं प्रमाण बदलत असणार, असा माझा समज होता. मामांचं बालपण आरे कॉलनीतल्या तबेल्यांजवळ गेलेलं. ते म्हणाले, "दुधात पाणी घालतात तसं नाय ते. वर भांड्यात दूध कमी, एवढंच. भेसळ नाय."

एकदा मुलुंडहून एका बाईंचा फोन आला. गच्चीवर काहीतरी पडलंय, पोलिसांना बोलावू का? "नको गो बाय," मामा म्हणाले. "फुटका फुगा आहे. फक्त सांग, किती वाजता पडला?" मग आमच्याकडे वळून हळहळले, "मुलुंडातच पडला. लवकर फुटला रे!"

त्यांची ड्युटी पाचला संपे. पण फुगा वर फुटेपर्यंत ते घरी जात नसत. मग आमच्या संगणकाच्या खोलीच्या खिडकीशी येऊन विचारत, "आज किती वर गेला?" तीस किलोमीटर ऐकलं की चप्पल घालून मालाडची वाट धरत. बढती मात्र त्यांनी दोनदा नाकारली. "फुगा वर जातो तसा फुगतो. दुमजली घराएवढा होतो. मग? फट! आपण खालीच बरे."

माझं शिकाऊपण पावसाळ्यात गेलं. डिसेंबरात एक उड्डाण एकट्याने पार पाडायचं होतं. ते जमलं तर अधिकारी बाई सही करणार आणि माझी नोकरी पक्की होणार. फुगा सुटला, मी संगणकासमोर बसलो. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर ही नावं शाळेपासून तोंडपाठ. पहिल्या थरात उंच जावं तसं तापमान उतरतं, हेही पाठ. तसं ते उतरलंही. आणि सहाशे मीटरवर चढायला लागलं.

यंत्र बिघडलं! उड्डाण रद्द करून दुसरा फुगा मागायला मी इंटरकॉम उचलला. मामा नेमके चहा घेऊन आले होते. पडद्याकडे एक नजर टाकून त्यांनी इंटरकॉमचं बटण बोटाने दाबून धरलं.

"काय करतोस?"

"यंत्र गेलं, मामा. वाट लागली माझी."

"आधी खिडकी उघड."

मी उघडली. मरोळच्या दिशेला कुणीतरी कचरा जाळला होता. धूर सरळ वर जात होता आणि एका उंचीवर छताला टेकल्यासारखा आडवा पसरत होता.

"दुपारी समुद्राचा गार वारा खालून शिरतो," मामा म्हणाले. "जमिनीची तापलेली हवा वरच राहते. झाकण बसतं. पावसात दिसत नाय ते, म्हणून तुला ठाऊक नाय. यंत्र बरोबर आहे, झिला. तू चहा पी."

थोड्या वेळाने तापमान पुन्हा उतरू लागलं. सतरा किलोमीटरपर्यंत उतरलं, थबकलं, मग ओझोनच्या उबेने वर चढत गेलं. तेव्हा मात्र मी घाबरलो नाही. फुगा एकतीसला फुटला.

बाईंनी कागद पाहिले. "सहाशेवर तापमान वाढलंय. यंत्राबद्दल शंका नाही आली?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून मामा म्हणाले, "आली होती. खिडकीतनं गेली."

बाईंनी हसत सही केली.

मामा निवृत्त होऊन कोकणात गेले. त्यांच्या घरी फोनला रेंज नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

तीर्थस्वरूप मामांस, सा. नमस्कार.

तुमचे तिन्ही शर्ट खिळ्यावर आहेत. धुतो मीच. एकाची कॉलर गेली, पण टाकवत नाही. महिन्यापूर्वी एक नवी मुलगी आली, धाराशिवकडची, घरातली पहिली पदवीधर. बाही चिमटीत धरणं बरं दिसेना, म्हणून कापड कुठलं ते विचारलं. नायलॉन! "भायर" म्हणालो, पण तुमच्यासारखं जमलं नाही. ती रडवेली झाली.

आज तिचं पहिलं उड्डाण होतं. तापमान उलटं फिरलं आणि तिचा हात इंटरकॉमकडे गेला. मी फक्त खिडकी उघडली.

संध्याकाळी खिडकीशी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून इथे सांगतो. आज बत्तीस किलोमीटर वर गेला, मामा. चप्पल घालायला हरकत नाही.