काडीमोड आणि कलम

सनद घेऊन मी हिंगोलीच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसायला लागले, तेव्हा कायदा म्हणजे कलमं, अशी माझी पक्की समजूत होती. इंग्रजांच्या मुलखात कायदा लोकांच्या वागण्यातून आणि निवाड्यावर निवाडा रचत वाढला. युरोपात इतरांनी तो पुस्तकात बांधून काढला. आणि इंग्रजांनी स्वतःच्या घरी कधी न केलेला हा उद्योग आपल्याकडे मात्र हौसेनं केला, हे सगळं मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडची जुनी माणसं घटस्फोटाला फारकतच म्हणायची. त्यांचं मला हसू यायचं.

मग सेनगावकडची ती आली. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, वय माझ्याएवढंच, कडेवर लेकरू. पहिल्या नवऱ्याशी पटलं नाही, तेव्हा पंचांसमोर दोघांनी गवताची काडी मोडली होती. काडी मोडली की नातं मोडलं, दोघं मोकळी. पुढे तिनं दुसऱ्याशी पाट लावला, म्हणजे त्यांच्यातलं दुसरं लग्न केलं. संसार बरा चालला होता. पण पहिल्याला भावकीतल्या कुणीतरी फूस लावली आणि त्यानं फिर्याद ठोकली: नवरा जिवंत असताना हिनं दुसरं लग्न केलं.

आमच्या वकीलसाहेबांनी कागद बघितले आणि खूश झाले. "सोपं आहे. तुझ्या पाटात सप्तपदी झाली नाही. म्हणजे कायद्यानं ते लग्नच नव्हे. लग्नच नाही, तर दुसरं लग्न केल्याचा गुन्हा कुठला?"

मलाही ती युक्ती फार आवडली. ती मात्र आमच्याकडे बघतच राहिली.

"मंग मी त्याइची कोन? ठेवलेली?"

साहेबांनी तिला समजावलं, की दुसरा रस्ता अवघड आहे. विवाहाच्या कायद्यानं रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवलाय खरा, पण ती रूढी जुनी आहे, सतत चालत आलेली आहे, हे साक्षीदारांनी सिद्ध करावं लागेल. नाही जमलं तर तुरुंग.

"जाईन जेलात," ती म्हणाली. "पर माझ्या लेकराला ठेवलेलीचं म्हनू देनार न्हाई."

मला तिचा राग आला. दारात आलेली सुटका कुणी लाथाडतं का?

ज्यांच्यासमोर तिची काडी मोडली होती, त्या म्हाताऱ्या पंचांना आम्ही साक्षीला आणलं. नवा फेटा बांधून ते ऐटीत पिंजऱ्यात उभे राहिले. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत साधा प्रश्न टाकला, "तुमच्या समाजात घटस्फोटाची रूढी नाही, बरोबर?"

"बराबर," म्हातारबा छाती काढून म्हणाले. "आमच्यात रूढी-बिढी काई न्हाई, सायेब. समदं बंद केलं."

आमचा साक्षीदारच आमची केस बुडवत होता. आणि त्याच क्षणी कळलं काय झालं ते. हा शब्द त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला होता: गावात येणाऱ्या पुढाऱ्यांच्या भाषणात, तोही 'अनिष्ट'च्या शेपटीला. रूढी म्हणजे वाईट काम, सरकारपुढे कबूल करायचं नाही! मी तिच्याकडे बघितलं. तिनं लेकरू घट्ट धरलं होतं.

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. सुदैवानं माणूस मुरलेला होता. त्यांनी स्वतःच विचारलं, "बाबा, तुमच्यात नवरा-बायकोचं पटेनासं झालं तर काय करता?"

म्हातारबांचा चेहरा उजळला. "पटना झालं तर काडी मोडतो की! दुसरं काय करावं? माझ्या बहिनीची मोडली, चुलतीची मोडली. आज्याच्या टायमालाबी असंच व्हतं." मग फिर्यादी नवऱ्याकडे हात करून म्हणाले, "आन ह्याची माय? तीबी काडी मोडूनच ह्याच्या बापाच्या घरी आली. मीच व्हतो पंचात. इचारा त्याला."

फिर्यादीची मान खाली गेली. बायकोची काडी खोटी म्हणावी, तर स्वतःची आई खोटी ठरत होती. इतके दिवस मी त्या माणसाचा दुस्वास केला होता, पण त्या घटकेला मला त्याचीही दया आली. पुढच्या तारखांना तो भावकीला न घेता एकटाच यायचा.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी 'निर्दोष मुक्तता' असं वाचलं आणि मी आनंदानं तिचा दंड दाबला. "सुटलीस!"

ती जागची हलली नाही. "सुटले ते कळलं, बाई. काहून सुटले, ते काय लिहिलंय?"

मी निकालपत्र मागून घेतलं आणि ती ओळ शोधून वाचली: पहिला विवाह काडीमोडीनं संपला होता आणि पाटानं झालेला विवाह समाजाच्या रूढीप्रमाणे वैध आहे.

"वैध म्हंजी?"

"खरं," मी म्हणाले. "तुझं लग्न खरं आहे."

तिचा पाटाचा नवरा बाहेर व्हरांड्यात उभा होता. ती पदर सावरून तडक त्याच्यापुढे गेली आणि पक्षकार, शिपाई, काळे कोट, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, "अवो, आपलं लगीन लागलं!"